दहा मार्कांची परटीण

आमच्या कॉलेजचा मराठी विभाग म्हणजे दोन माणसं, एक कपाट आणि एक पंखा. पंखा सुरू झाला की कपाटाचं दार आपोआप उघडायचं, म्हणून दाराला सुतळी बांधलेली. दोन माणसांपैकी एक मी. माझ्याबद्दल एवढं पुरे. दुसऱ्या रामटेके मॅडम, आणि विभाग खरं तर त्यांचाच. एकतीस वर्षं त्यांनी बी.ए.च्या पोरांना मध्ययुगीन मराठी साहित्य शिकवलं आणि एकतीस वर्षं पोरांनी ते सहन केलं. इतका सहवास हल्ली लग्नातही टिकत नाही.

बाई उंचीने बेताच्या, आवाज मात्र दुसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा. मार्च लागला की तोंडाला पांढरा दुपट्टा असा गुंडाळून यायच्या की चौकीदार त्यांना रोज नव्याने अडवायचा आणि कोण पाहिजे म्हणून विचारायचा. विद्यार्थी पाहिजेत, असं सांगून त्या आत यायच्या. तपासायला हिरवं पेन. लालने पोरं घाबरतात, निळ्याने माजतात, हे त्यांचं संशोधन. वर्गात कुणी ‘वगैरे’ म्हणालं की गाडी तिथेच थांबायची. वगैरेमध्ये काय काय आहे ते आधी सांग, मग पुढे जाऊ. पोरगा घामाघूम व्हायचा, कारण वगैरेमध्ये कधीच काही नसायचं. आणि एक वाक्य तर भिंतीला पाठ झालं होतं: “आधी पान, मग तोंड.” म्हणजे पुस्तकाचं पान उघडा, वाचा, त्यानंतर बोलायला तोंड उघडा. हे त्या पोरांना सांगत, मला सांगत आणि दर महिन्याच्या बैठकीत प्राचार्यांनाही सांगत. प्राचार्य मान डोलावत. पान त्यांनी कधी उघडलं नाही, तोंड मात्र नियमित उघडत.

मॅडमचा जीव होता तो एका आख्यानात. वीरकेतु-आख्यान त्याचं नाव, साडेसातशे ओव्या, कवीचा ठावठिकाणा नाही. सातशे वर्षांपूर्वीचं असावं असं जाणकार म्हणतात, आणि जाणकार म्हणजे आमच्या गावात मॅडमच. गोष्ट साधी. वीरकेतू राजा शिकारीत वाट चुकतो, तहानेने कासावीस होऊन नदीवर येतो आणि धुणं धूत बसलेल्या एका परटिणीकडे पाणी मागतो. ती पाणी देते, पण देण्याआधी त्याला चार गोष्टी सुनावते. मग राजा परत जातो, लढाई करतो, जिंकतो, देवाला शरण जातो आणि काव्य संपतं. परटिणीच्या वाट्याला साडेसातशेपैकी सात ओव्या. बिचारीला नावसुद्धा नाही.

या सात ओव्या मॅडम आधी मुळातून वाचायच्या आणि मग पुस्तक मिटून आमच्याकडच्या बोलीत सांगायच्या. “राजा, तुया शेल्यावरचे सारे डाग मले पाठ आहेत. पानाचे कोणते, रगताचे कोणते, तेही सांगतो. तुले मी शेल्यावरून ओळखला. तू मले कशावरून ओळखशीन?” एवढं म्हणून त्या थांबायच्या. मागच्या बाकावर मोबाइल खाली ठेवले जायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि आमच्या कॉलेजात मोबाइल खाली ठेवला जाणं म्हणजे काय ते शिक्षकालाच कळेल.

मॅडम गावातल्याच, सक्करदऱ्याच्या. त्यांच्या आजीने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. त्यामुळे घरातल्यांना, शेजारच्यांना एकच कोडं. “काहून वं, पोथ्या-पुराणं मागं टाकून आलो आपण, आन् तू तेच शिकवून राहिली?” त्यांची मावशी तर दर लग्नात हे विचारायची, तेही जेवण वाढता वाढता. मॅडमचं उत्तर ठरलेलं. “मावशे, साडेसातशेमध्ये सात आपल्या आहेत. त्या मी नाही सांभाळल्या तर कोण सांभाळीन?” मावशीला ते पटत नसे, पण जिलबी जास्तीची वाढली जाई.

तर अशा या आख्यानावर सिरीज आली. आठ भाग, मोबाइलवर, पाहिजे तेव्हा. मुंबईच्या लोकांना हे आख्यान कुठे सापडलं देव जाणे. नायिका पहिल्याच भागात घोड्यावर. घोड्यावर बसून धुणं कसं धुवायचं हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण आठ भागांत तिने एक रुमालदेखील धुतला नाही. केस मात्र तीनदा धुतले. तिला नाव दिलं मृणालिनी. सहाव्या भागात तिच्या खांद्यावर चंद्रकोरीची खूण निघाली आणि कळलं, की ती परटीण नाहीच मुळी, लहानपणी पळवून नेलेली राजकन्या आहे. राजाचा जीव भांड्यात पडला. आठव्या भागात लग्न, हत्ती, फुलं, डोळ्यात पाणी.

मला वाटलं, आता बाई भडकणार. त्या भडकल्या नाहीत. त्यांनी सिरीज पाहिली, तीही दोनदा. पोळ्या करताना फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायच्या. शंभर पानी वहीत मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला मथळा ‘आहे’, दुसऱ्या बाजूला ‘घुसडलं’. ‘घुसडलं’साठी पुढे दुसरी वही आणावी लागली. पण ‘आहे’खाली त्यांनी इमानदारीने लिहिलं होतं, की नदीचं पाणी छान दाखवलं आहे, सकाळचा प्रकाश ओव्यांत आहे तसाच आहे. मी म्हटलं, मॅडम, इतकी मेहनत कशाला, सरळ कचरा म्हणून मोकळं व्हा. तर माझ्यावरच डाफरल्या. पाहिल्याशिवाय शिव्या देणारा आणि वाचल्याशिवाय टाळ्या पिटणारा, दोघं एकाच आईचे, असं म्हणाल्या. मी सुतळी पुन्हा बांधली.

प्राचार्यांना मात्र सिरीजमध्ये शैक्षणिक मूल्य सापडलं. हा शब्द त्यांना आवडतो; तो म्हटला की पुढे काही म्हणावं लागत नाही. आमच्या स्मार्ट वर्गातल्या प्रोजेक्टरचं उद्घाटन होऊन दोन वर्षं झाली होती, पण त्यावर लावायला काही नव्हतं. आता मिळालं. ‘मध्ययुगीन साहित्य, पडदा आणि शैक्षणिक मूल्य’ या विषयावर एक दिवसाचं चर्चासत्र ठरलं आणि प्रमुख पाहुणे म्हणून सिरीजचे संवाद लिहिणारे गृहस्थ आले. फार नम्र माणूस. भाषणाच्या सुरुवातीलाच म्हणाले, की मूळ काव्य वाचायचा योग अजून आला नाही, पण त्याचा आत्मा आम्ही जपला आहे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. न भेटलेल्या माणसाचा आत्मा जपायला दम लागतो.

प्रश्नोत्तरांत मॅडम उभ्या राहिल्या. माइक त्यांना कधी लागतच नसे. परटिणीची राजकन्या का केली, एवढंच विचारलं. पाहुणे हसून म्हणाले, “मॅडम, एका परटिणीसाठी प्रेक्षक आठ भाग थांबत नाही.”

“सातशे वर्षं तर थांबलाच आहे,” मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या.

प्राचार्यांनी घाईने चहाची घोषणा केली. पोरं पाहुण्यांबरोबर फोटो काढायला धावली. मॅडमबरोबर फोटो कुणी काढला नाही, त्या रोजच्याच.

आता खरं ते सांगायला पाहिजे, नाहीतर मॅडम जिथे असतील तिथून हिरवं पेन काढतील. सिरीज आल्यावर पुढच्या जूनमध्ये आमचा शेवटच्या वर्षाचा वर्ग भरला. अकरा पोरं होती, चव्वेचाळीस झाली. त्यातली एक पूनम. बाप सावनेरला ऑटो चालवतो, पोरगी रोज एस.टी.ने यायची. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, की हा विषय का घेतला, तर सगळ्यांनी मराठी भाषेची सेवा वगैरे सांगितलं आणि वगैरेवर अडकले. पूनम सरळ म्हणाली, सिरीज पाहिली म्हणून घेतला. मॅडम खूश. नंतर मला विभागात म्हणाल्या, “मान्य करा लागते गा. ही चोट्टी सिरीज नसती तर हे पोरगी मले भेटली नसती.” त्या दिवशी ‘आहे’च्या रकान्यात एक ओळ वाढली.

पूनमने लायब्ररीतून आख्यान नेलं आणि आठवड्याने तणतणत परत आली. तिला मृणालिनी हे नावच कुठे सापडेना. साडेसातशे ओव्या दोनदा चाळल्या होत्या पोरीने. नाव नाहीच, खांद्यावर खूणही नाही, आणि राजा पाणी पिऊन निघून जातो, हे मॅडमनी सांगितल्यावर तिचं तोंड इतकं उतरलं की मला कीव आली. मग हळूहळू तिला राग आला. राजावर नाही, सिरीजवर. मग मी परीक्षेत काय लिहू, असं तिने विचारलं. जे पानावर आहे ते लिही, मॅडम म्हणाल्या. मी साक्षीदार आहे, पंखा साक्षीदार आहे.

परीक्षेत प्रश्न आलाच. ‘वीरकेतूला नदीकाठी भेटलेल्या स्त्रीचे पात्रचित्रण करा.’ दहा मार्क. पूनमने तीन पानं लिहिली. निकाल लागला, पूनम चार मार्कांनी नापास. तिला बी.एड.ला जायचं होतं आणि फॉर्मची शेवटची तारीख तीन हप्त्यांवर. काकाने घरी सांगून टाकलं, की आता एस.टी.चा पास काढू नका. तिने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आणि ती घेऊन विभागात आली. दहापैकी शून्य. समासात शेरा: पात्र समजलेले नाही. पोरगी रडली नाही. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, तुम्हीच तर असं शिकवलं.”

मॅडम उठल्या. काखेत आख्यान, हातात झेरॉक्स, मागे मी. आमचं कॉलेज स्वायत्त आहे, म्हणजे आमच्या चुका आम्हालाच करता येतात, बाहेर जावं लागत नाही. परीक्षा विभाग जिन्याखाली. तिथल्या बाबूला त्यांनी आदर्श उत्तरपत्रिका काढायला सांगितली. आदर्श उत्तरपत्रिका म्हणजे पेपर काढणाऱ्याने पाठवलेली बरोबर उत्तरं; तपासणारे, तेही बाहेरचे, त्याबरहुकूम मार्क देतात. बाबूने फाइल शोधली. दहा मार्कांच्या प्रश्नाखाली छापलं होतं, की मृणालिनी ही मूळची राजकन्या असून शौर्य, सौंदर्य व स्वाभिमान हे तिचे गुण आहेत. राजकुलाचा उल्लेख नसल्यास गुण देऊ नयेत. बाहेरच्या कुठल्याशा कॉलेजातल्या विद्वानाने पेपर काढला होता आणि रात्रीतून सिरीज संपवून उत्तर तयार केलं होतं. झाला प्रकार असा सरळ होता.

मॅडमचा आवाज जिन्यावरून वर गेला. हे वाचलं कोणी, हे मंजूर कोणी केलं, कोण अडाणी माणूस आहे ज्याने डोळे मिटून याच्यावर सही केली? बाबू बिचारा सरळ माणूस. त्याने पान उलटलं आणि बोट ठेवलं. मंजूर करणाऱ्यांच्या तीन सह्या. दुसरी मॅडमची. तिसरी माझी.

आमच्याकडे आदर्श उत्तरपत्रिका मंजूर करायची एक रीत आहे. तपासणी सुरू होण्याआधी सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवतात. बाबूने जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवलेली असते. त्याच वेळेला तर्री-पोह्याच्या प्लेटा येतात. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात पेन, फुली दिसली की सही. कुणी वाचत बसलं तर पोहे गार होतात आणि बाकीचे घड्याळाकडे पाहतात. त्या दिवशी मॅडमच्या डोळ्यासमोर सोळा फुल्या होत्या आणि त्यांनी सोळा सह्या केल्या. एकतीस वर्षं सगळ्या जगाला आधी पान म्हणणाऱ्या बाईने पान न उघडता सही ठोकली होती, आणि तीही परटिणीच्या पानावर.

त्या बाकावर बसल्या. झेरॉक्स मांडीवर ठेवली. मी पाणी आणलं, ते घेतलं नाही. एवढी लाज मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही, आणि माझ्या स्वतःच्या तर कधीच नाही.

परीक्षा नियंत्रक साहेब मोठ्या मनाचे. त्यांनी लगेच तोड काढली. छपाईची चूक म्हणू, पोरीला नियमातले तीन ग्रेस मार्क देऊ, विषय संपला. पण ग्रेस धरूनही पोरगी एका मार्काने राहत होती, आणि नुसत्या छपाईच्या चुकीवर पेपर पुन्हा तपासता येत नाही असा आमचाच नियम. मंजूर उत्तर बदलायचं असेल तर मंजूर करणाऱ्याने लेखी द्यावं लागतं, की माझी मंजुरी चुकीची होती. असं लेखी आजवर कुणी दिलं नव्हतं, कारण कोण देईल? साहेबांनी मॅडमना समजावलं, की असं लिहून दिलं तर तुमचं परीक्षेचं काम जाईल, अभ्यास मंडळातूनही नाव निघेल. महिन्याभरात नव्या अभ्यासक्रमाची बैठक आहे. प्राचार्यांना त्यात आख्यान काढून सिरीजचा घटक घालायचा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मंडळात आख्यानाच्या बाजूने एकच मत होतं, मॅडमचं.

मॅडमनी कोरा कागद मागितला. साहेब पुन्हा म्हणाले, विचार करा, तुमचं आख्यानच जाईल.

“सात ओव्या पुस्तकात राहतील, साहेब,” मॅडम म्हणाल्या. “पूनमचं वर्ष कुठे राहील?”

आणि हिरव्या पेनाने लिहून दिलं: सदर उत्तर मी न वाचता मंजूर केले. उत्तर चूक आहे. विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर आहे. खाली सही, या वेळी वाचून.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथल्या पंख्याकडे पाहिलं. माझी नोकरी नुकतीच पक्की झाली होती, घरी कर्ता मीच, एकाचं लेखी पुरत असेल तर दुसऱ्याचं कशाला, असे अनेक उत्तम विचार माझ्या डोक्यात आले. मॅडमनी मला एका शब्दाने विचारलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पूनमला त्यांनी स्वतः बोलावून सांगितलं. चुकीच्या कागदावर माझी सही होती, न वाचता केली होती, असं स्पष्ट. मला वाटलं होतं, पोरगी म्हणेल, जाऊ द्या मॅडम. ती नाही म्हणाली. “मी हप्ताभर घरी खोटी ठरली, मॅडम,” असं म्हणाली. मॅडमनी मान डोलावली आणि फक्त “हाव” म्हणाल्या. पोरगी निघून गेली. तो ‘हाव’ ऐकून मला माझ्या खुर्चीत बसवेना, तरी मी बसलोच.

परीक्षा विभागाने यथावकाश परिपत्रक काढलं. त्याची भाषा मला आजही तोंडपाठ आहे. विद्यार्थीहित लक्षात घेऊन सदर प्रश्नात ‘परटीण’ किंवा ‘राजकन्या’ ही दोन्ही उत्तरे बरोबर धरण्यात येतील. कुणाचंच मन दुखवायचं नाही. परटिणीचंही नाही, राजकन्येचंही नाही, पेपर काढणाऱ्या विद्वानाचं तर नाहीच. पूनम पास झाली, वेळेत फॉर्म भरला, बी.एड.ला लागली. एक दिवस पेढ्यांचा डबा मॅडमच्या टेबलावर ठेवून गेली, फारसं बोलली नाही. मॅडमनी डबा माझ्याकडे सरकवला आणि मी निर्लज्जपणे तीन पेढे खाल्ले.

ठरल्याप्रमाणे मॅडमचं परीक्षेचं काम गेलं आणि नावही मंडळातून निघालं. बैठकीत आख्यान गेलं आणि सिरीज आली, टाळ्यांच्या गजरात. जुन्या अभ्यासक्रमाची एकच परीक्षा उरली होती आणि ती मॅडमच्या निवृत्तीच्या महिन्यात आली. परीक्षेच्या इमारतीत पाय ठेवायची त्यांना बंदी, म्हणून त्या बाहेर, कडुनिंबाच्या सावलीत उभ्या होत्या. मी पायऱ्यांवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. पेपरात तोच प्रश्न होता, शब्द इकडचे तिकडे करून.

पोरं बाहेर येऊ लागली. मॅडम एकेकाला थांबवून विचारत होत्या, काय लिहिलं गा? पहिला म्हणाला, दोन्ही लिहिलं मॅडम, आधी परटीण, मग ‘किंवा’ टाकून राजकन्या. दुसरीनेही दोन्ही. तिसऱ्याने आधी राजकन्या, मग परटीण, पण दोन्ही. परिपत्रक सगळ्यांनी वाचलं होतं; आमची पोरं वाचत नाहीत असं कोण म्हणतं? मॅडम प्रत्येकाला “बरं” म्हणत होत्या आणि दर वेळी तो ‘बरं’ थोडा बारीक होत होता. दहा-बाराजण झाले. मला खाली पाहवेना.

सगळ्यात शेवटी एक पोरगी आली, बोटांना शाई, हातात रिकामी बाटली. मॅडमनी तिलाही विचारलं.

“परटीण लिहिली, मॅडम.”

“फक्त परटीण?”

“हाव. राजकन्येची स्टोरी लय लंबी आहे न, आठ भागाची. टाइमच नाही उरला.”

मॅडम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना झाडाचा आधार घ्यावा लागला. पोरगी घाबरली, आपलं काही चुकलं का म्हणून माझ्याकडे पाहायला लागली. मॅडमनी दुपट्ट्याने डोळे पुसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “नाही, नाही. पास होशीन तू.” मग ऑटोला हात केला आणि सक्करदऱ्याकडे निघून गेल्या.

मी चार पायऱ्या उतरून त्यांच्याशी बोलायला हवं होतं. पण गठ्ठ्याला गाठ मारायची राहिली होती, आणि परीक्षेचं काम म्हटल्यावर ते वेळेत झालंच पाहिजे.